मोडलेल्या वाटेची डागडुजी

१

दर रविवारी सकाळी टेकडीच्या निम्म्या चढावर, गाडीरस्ता संपतो तिथल्या पत्र्याच्या शेडचे कुलूप बाबा उघडत आणि त्यांची सून गाडीतून पाण्याचे कॅन उतरवून घेई. मग एकेक करून बाकीची मंडळी येत; कुणी गाडीच्या टपावर सायकल बांधून, कुणी थेट सायकलवर स्वार होऊन. टेकडीवरच्या साऱ्या सायकलवाटा या हौशी क्लबने स्वतःच्या हातांनी खोदल्या होत्या आणि त्या राखण्याचे कामही त्याच्याच गळ्यात होते. पावसाने खचलेली वळणे पुन्हा उचलायची, वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटायच्या, निसटलेले दगड बसवायचे. पगार नाही, हजेरी नाही. तरीही उशिरा येणाऱ्याला चार शब्द ऐकावेच लागत.

ते ऐकवण्याचा मान बाबांचा. आयुष्यभर शिंपीकाम केलेला हा माणूस खुब्याचे हाड बदलल्यापासून टेकडी चढू-उतरू शकत नव्हता. म्हणून शेडच्या दारात खुर्ची टाकून ते फावड्यांना कानशीने धार लावत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेत.

"या डॉक्टर. अजून थोडे झोपला असतात, तर थेट जेवायलाच पोचला असतात."

"बाबा, तुमची कवळी माझ्या ताब्यात आहे, विसरू नका," डॉक्टर म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, आणि क्लबचे प्रमुख.

सून विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवी. कुठली माती किती भार पेलेल आणि कुठली दगा देईल, याबाबत क्लबमध्ये तिचाच शब्द अखेरचा असे. पण तिला या टेकडीवर आणले होते ते तिच्या नवऱ्याने. तो दिवसभर संगणकापुढे बसणारा माणूस; मात्र खोदलेली कड फावड्याच्या पाठीने थापटून तो अशी काही गुळगुळीत करी की क्लबमध्ये त्याचे नावच 'गवंडी' पडले. दोन वर्षांपूर्वी, स्वतःच बांधलेल्या वाटेच्या खालच्या वळणावर, ओल्या मातीत त्याचे पुढचे चाक सरकले. खाली खडक होता.

क्लबने ती वाट मोडली. वाट मोडायची म्हणजे सगळी पुसायची नव्हे. तेवढे बळ कुणाकडे नसते. तोंडाशी उभे राहून नजर जाईल तेवढाच भाग वाळक्या फांद्या आणि ओंडके टाकून झाकायचा. सायकलस्वार नजरेच्या मागे जातो. नजरेला वाट दिसली नाही, की त्याच्यापुरती ती संपली. पुढचे काम गवत करते.

त्या रविवारी कुजलेल्या फांद्या काढून नव्या टाकण्याचे काम तिने मागून घेतले. दुसऱ्या कुणी ते करावे हे तिला कधी सहन झाले नसते. वाकून फांदी ओढत असताना तिला फटीतून पलीकडे काहीतरी पांढरे दिसले.

ते एक मूळ होते. वाटेवर आडवे आलेले, मनगटाएवढे जाड मूळ कुणीतरी करवतीने जमिनीलगत कापले होते. काप ताजा होता. त्यातून पाणी पाझरत होते.

ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. मूळ कापले गेले याचे तिला एवढे नवल नव्हते. पण डोंगरी सायकल चालवणारा माणूस मूळ कधीच कापत नाही. मूळ म्हणजे चाकाला उसळी, म्हणजे मजा. मूळ अडते ते पायाला.

२

"चोरून वाट करणारी पोरं असतील," डॉक्टर म्हणाले. "परवानगी मागायची नाही, आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवायचं. आत जाऊन बघशील? की मी जाऊ?"

"मीच जाते."

"नक्की? तू आत पाऊल टाकलेलं नाहीस तेव्हापासून."

"मूळच बघायचंय, डॉक्टर. खालपर्यंत नाही जात."

ती ओंडके ओलांडून आत शिरली. तिच्याजवळ मातीत खुपसून घट्टपणा दाखवणारी छोटी सळई नेहमी असे. दोन वर्षे न वापरलेली माती भुसभुशीत व्हायला हवी होती. सळई बोटभरही आत जाईना. कुणाच्या तरी नित्याच्या वावराने जमीन दबली होती. पण चाकाची नक्षी कुठेही नव्हती, आणि बुटांचे ठसेही नव्हते. नुसता दाब होता, दाब देणारे काही नव्हते. एखाद्या विद्यार्थ्याने असले निरीक्षण लिहून आणले असते, तर तिने त्याला पुन्हा मोजायला पाठवले असते.

तिने पुन्हा मोजले. मग ती आणखी थोडी खाली उतरली.

पूर्वी या जागी चांगली कंबरभर उंच उडी होती; सायकली तिच्यावरून हवेत जात. आता तिथे पायऱ्या होत्या. मातीच्या, पुढे लाकडाची फळी ठोकलेल्या, ठेंगण्या पायऱ्या. इतक्या ठेंगण्या की उतरताना तिची पावले अडखळली. शरीर पुढची पायरी जिथे शोधत होते, त्याच्या बरीच आधी ती येत होती. सायकलच्या वाटेवर पायऱ्या कोण करतो?

कडेची माती थापटलेली होती. फावड्याच्या पाठीचे ठसे एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. ते तिने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. थापटलेली माती कुणाचीही सारखीच दिसते, असे तिने स्वतःला बजावले. हे खरे नव्हते, आणि ते खरे नाही हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

परतताना तिने एक काटकी पायरीला लावून तिच्या उंचीएवढी तोडली आणि खिशात टाकली.

३

घर दोघांचेच उरले होते. संध्याकाळी समोरच्या खोलीत बाबांच्या शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला, की तिला स्वयंपाकघरात बरे वाटे. शेजारपाजारच्या पडद्यांना ते अजून किनारी मारून देत. मशीन थांबले, की ती नकळत कान टवकारी. पुन्हा सुरू झाले, की हातातले काम पुढे सरके.

दादाचा, तिच्या भावाचा, फोन आला. तोच विषय, तोच सूर.

"किती दिवस राहणार आहेस तिथे? तुझं वय काय, त्यांचं काय. उद्या ते गेले की मग?"

"उद्याचं उद्या."

"अगं, तुझं आहे कोण तिथे आता?"

"बाबा आहेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. या दोन शब्दांवर तिचा सारा संसार उभा होता, हे दादाला समजावून सांगणे शक्य नव्हते. नवरा गेला त्या दिवशी बाबांनी तिला जेवायला बसवले होते, आणि त्यानंतर तिने त्यांना. दोघांनी एकमेकांना असे धरून ठेवले होते की कोण कुणाचा आधार, हे त्यांनाही सांगता आले नसते.

परसदाराच्या पायऱ्या उंच होत्या. बाबांच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या नवऱ्याने प्रत्येक पायरीपुढे लाकडाची अर्धी पायरी करून बसवली होती. त्यासाठी बाबांना भिंतीला धरून उभे केले, पाय किती उचलता येतो ते पुन्हापुन्हा पाहिले. "शिंप्याचा मुलगा आहे," तो म्हणाला होता, "माप घेतल्याशिवाय कापत नाही."

ती परसदारी बसली, खिशातली काटकी काढली आणि अर्ध्या पायरीला लावली.

नखाएवढाही फरक नव्हता.

"काय मोजतेस?" मशीनचा आवाज थांबल्याचे तिच्या ध्यानातच आले नव्हते. बाबा काठी टेकून मागे उभे होते.

"काही नाही. पायरी हलतेय का बघत होते."

"त्याने केलेली पायरी हलत नाही." बाबांनी ओठांतला दोरा काढून टाकला. "बरं, काम कुठवर आलं? खालचं वळण सोडलं तर झालंच म्हण की सगळं."

"कुठलं खालचं वळण, बाबा?"

ते तिच्याकडे पाहून हसले. गिऱ्हाइकाला कपडा तयार होण्याआधी दाखवायचा नसतो, तेव्हा हसत तसे. मग ते आत गेले आणि मशीन पुन्हा सुरू झाले. तिने चहा टाकला. उकळून पातेल्याबाहेर जाईपर्यंत तो तिला दिसलाच नाही.

४

पुढच्या रविवारी ती डॉक्टरांना न सांगता आत गेली. तिने आपल्यापुढे तीन कारणे ठेवली होती. चोरून काम करणारी पोरे. एखादा निवृत्त हौशी माणूस. किंवा ती स्वतःच, दुःखाने भ्रमिष्ट होऊन, झोपेत चालत येऊन. तिसरे कारण तिने सर्वांत गंभीरपणे तपासले. पण तिच्या हातांवर फोड नव्हते.

पायऱ्यांच्या पुढे आता झाडाझाडांमधून एक दोर ताणलेला होता. डाव्या बाजूने. बाबांचा उजवा हात काठीत गुंतलेला असतो. पुढे चढाचा एक छोटा तुकडा होता, तो नुसत्या मातीने भरून सपाट केला होता. किती घमेली माती लागली असेल याचा तिने अंदाज बांधला. एकट्या माणसाला, रोज खपला तरी, ऋतू उलटून गेला असता.

जिथे बाबांना दम लागला असता, नेमक्या तिथे बसायला एक दगड होता.

तिने त्यावरून हात फिरवला. वरचा भाग घासून गुळगुळीत केला होता, थोडा पुढे झुकता. म्हणजे खुब्याला त्रास न होता उठता यावे. बसल्यावर समोर झाडी विरळ केली होती आणि फटीतून दूरवरचे शेडचे पत्रे दिसत. शेडच्या दारात बाबांची खुर्चीही. तिथून इथे आणि इथून तिथे, सरळ नजर जात होती.

आता नाकारण्यासारखे काही राहिले नव्हते. ही वाट कोण बांधतो आहे हे तिने मनाला उच्चारू दिले नाही. पण कुणासाठी, हे मातीवर लिहिल्यासारखे होते. आणि कुठे नेण्यासाठी, हेही.

भीती तर होतीच. पण भीतीच्या खाली दुसरेच काही उसळून आले, आणि त्याची तिला लाज वाटली. ती त्या दगडाच्या भोवती फिरली. मग गुडघ्यांवर बसून तिने आजूबाजूचे गवत बाजूला केले. दुसरा दगड नव्हता. तिने वाटेची रुंदी पाहिली. एका माणसाची होती. ती दगडावर बसून पाहू लागली, तर तो तिला ठेंगणा पडला आणि गुडघे छातीशी आले.

दोन वर्षे तिने त्याचा टूथब्रशसुद्धा हलवला नव्हता. रात्री दिवा घालवताना ती अजून त्याच्या बाजूचा दिवा आधी घालवी. आणि तो इथे होता, इतक्या जवळ, मान मोडून खपत होता, आणि या साऱ्या खटाटोपात तिच्यासाठी साधी टेकायला जागा नव्हती.

खाली, वळणाच्या तोंडाशी, पाणी साचलेले दिसत होते. वाटेच्या साऱ्या लांबीत तेवढाच एक तुकडा अपुरा होता. तिला हायसे वाटले. ओल्या, निसरड्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, असे व्यायामाच्या बाईंनी बाबांना दटावून ठेवले होते, आणि बाबा डबक्याला दबकून असत. घरात फरशी पुसली तरी वाळेपर्यंत पलंगावरून उतरत नसत. ते पाणी आहे तोवर ते सुरक्षित आहेत.

एवढे सगळे करणाऱ्या हाताने तेवढेच पाणी का ठेवले असावे, हा प्रश्न तिला पडला. वळणापर्यंत जाऊन पाहण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

५

ती वाट मोडायची तिने ठरवले. त्यानंतरच्या रविवारी आभाळ भरून आले होते. मंडळी वरच्या वाटेवर कामाला गेली होती. डॉक्टर शेडजवळ एका सायकलची साखळी जोडत बसले होते.

"डॉक्टर, आज बाबांवर लक्ष ठेवाल? त्यांना खुर्चीतून उठू देऊ नका."

"म्हणजे मी आता पाळणाघर चालवायचं का?" बाबा म्हणण्याआधी डॉक्टरच म्हणाले. पण तिचा चेहरा पाहून त्यांनी मान हलवली. "आहे मी इथे. जा तू."

बाबांनी आज अंगावर ठेवणीतला कोट घातला होता.

ती कुदळ आणि पहार घेऊन आत शिरली. पायऱ्या फोडायला वेळ लागला नाही. फळ्या उखडल्या, माती ढासळली. दोर कापला. प्रत्येक घावाला कुणाच्या तरी मेहनतीचा, आणि कुणाच्या ते तिला ठाऊक होते, खवल्याखवल्यांचा थर फुटत होता. ती रडत होती आणि खणत होती. दगडापाशी आली तेव्हा मात्र तिची ताकद संपली. पहार घालूनही तो हलला नाही.

मग ती खाली गेली. दोन वर्षांत प्रथमच त्या वळणावर उभी राहिली.

तिथे काही नव्हते. एक वळण, एक खडक, मधोमध साचलेले पाणी. पाण्यात आभाळ. ती चेहरा ओंजळीत धरून उभी राहिली आणि दोन वर्षांत जे रडू चारचौघांत आवरले होते, घरात बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून गिळले होते, ते सगळे बाहेर आले. किती वेळ, ते तिला कळले नाही.

खळखळ ऐकू आली तेव्हा तिने डोळे उघडले.

तिच्या उजव्या बुटाची टाच वाटेच्या दरीकडच्या कडेत रुतलेली होती. मागे-पुढे, मागे-पुढे; तिने चांगला वीतभर रुंद चर उकरला होता. ही क्लबमधल्या प्रत्येकाची खोड. वाटेवर साचलेले पाणी दिसले, की बोलता बोलता, दुसरीकडे पाहत, पाय आपोआप कड फोडून त्याला वाट करून देतो. डॉक्टरांनी एकदा दवाखान्याच्या आवारात पॉलिश केलेल्या बुटाने डबके फोडले होते. पाणी झरझर उतारावरून चालले होते. खालून जमीन वर येत होती. रेव अंथरलेली, दाबून बसवलेली, कोरडी पडायला तयार. फक्त पाण्याखाली झाकलेली.

ती खाली बसून दोन्ही हातांनी चर बुजवू लागली. माती वाहून जात होती.

वर, पायऱ्यांवर, काठी वाजली.

एक टोला, मग पावलाचा आवाज. एक टोला, मग पाऊल. तिने सकाळीच फोडलेल्या पायऱ्यांवर, लाकडाच्या फळीवर बसतो तसा, काठीचा भरीव आवाज.

बाबा झाडीतून उतरत आले. डावा हात हवेत, दोर धरल्यासारखा सरकत होता. चालण्यात लंगडेपणा नव्हता.

"बाबा! कसे आलात तुम्ही? पायऱ्या फोडल्यात मी!"

"कुठे गं? एकही उंच वाटली नाही मला."

"परत चला. डॉक्टर रागावतील."

"मघापासून वर दगडावर बसून होतो," बाबा तिच्यापाशी येऊन थांबले. "खाली पाणी होतं ना. आता गेलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं पाण्याचं?"

"त्यानेच. म्हणालो, एवढं केलंस, तेवढं पाणी काढ की. तर म्हणाला, ते राहू द्या. ती येईल. तिला साचलेलं पाणी बघवत नाही, तीच काढेल."

तिने त्यांच्या कोटाची बाही धरली. बाहीत हात होता, उबदार होता.

"आणखी काय म्हणाला? माझ्याबद्दल?"

बाबांनी मनापासून आठवून पाहिले. कापड कमी पडते आहे हे गिऱ्हाइकाला सांगताना त्यांचा चेहरा असाच होत असे.

"एवढंच, बाळ."

"मग मी येते तुमच्याबरोबर. मला न्या, बाबा."

त्यांनी तिच्या पायांकडे पाहिले, तिच्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे, आणि मान हलवली. "तुझ्या पावलाची नाही गं ही." मग उसवलेली शिवण सोडवावी तशी त्यांनी तिची बोटे एकेक करून बाहीवरून सोडवली. तिने जोर लावला होता. त्यांनी लावला नव्हता.

वळणाच्या पलीकडून एक कोपर पुढे आले. फक्त कोपर, बाही वर दुमडलेली, मातीने भरलेली, म्हाताऱ्या माणसाला हात ठेवता यावा म्हणून वाकवून धरलेली. बाबांनी त्यावर हात ठेवला. किती दिवसांनी भार टाकायला मिळाल्यासारखा त्यांनी श्वास सोडला.

दोघे दिसेनासे झाले तशी ती धडपडत वळणाच्या टोकापर्यंत गेली. पलीकडे वाट नव्हतीच. गुडघाभर गवत होते, कुणीही न तुडवलेले, आणि त्याच्यावरून नुकताच सुरू झालेला बारीक पाऊस.

तिने हाक मारली. बाबांना नव्हे, दुसऱ्याला. त्याचे खरे नाव घेऊन, लग्न झाल्यापासून एकांतात घेई त्या स्वरात. थोडे थांबून तिने पुन्हा मारली.

६

डॉक्टर उतरत आले ते कोसळलेल्या मातीवरून घसरत, फळ्यांचे तुकडे चुकवत, झाडांना धरत. एकदा ते बसलेच. त्यांच्या हाताला साखळीचे काळे वंगण लागलेले होते.

ती वळणावर गवताकडे तोंड करून उभी होती. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावायला म्हणून पुढे केला आणि वंगण पाहून मागे घेतला.

"मी तिथेच होतो," ते म्हणाले. "दोन हातांवर. खुर्चीतून उठले नाहीत गं ते. मला वाटलं, डुलकी लागली."

ती वळली नाही.

रोज माणसांना दुखेल की नाही हे सांगणारे डॉक्टर वंगणाचे हात पँटला पुसत राहिले. मग त्यांची नजर खाली गेली, जिथे एरवी क्लबमधल्या कुणाचीही जाते तिथे; टाचेने उकरलेल्या चरावर, त्यातून अखेरच्या थेंबाथेंबाने ओघळणाऱ्या पाण्यावर, आणि त्यामागच्या कोरड्या, पक्क्या जमिनीवर. आणि काहीतरी बोलायला हवे म्हणून, शक्य तितक्या मायेने, ते म्हणाले,

"पाणी छान काढलंस."